गणिताचा प्रश्न कोणाला विचारावा?

गणित हा विषय घोकून येत नाही आणि एकट्याने तर सहसा येतच नाही. इतिहासाच्या पुस्तकातील एखादे पान समजले नाही तरी पुढचे पान वाचता येते. गणितात तसे चालत नाही. अपूर्णांक अडला की गुणोत्तर अडते, गुणोत्तर अडले की शेकडेवारी अडते आणि शेकडेवारी अडली की व्याज, नफा-तोटा, सूट, कर हे सारेच अडते. म्हणून मूल जेथे अडते तेथेच, त्याच दिवशी, "हे असे का?" असे विचारता येईल असे एखादे माणूस त्याच्या जवळ असावे लागते. ज्या घरात दोन-तीन पिढ्यांचे शिक्षण झालेले आहे तेथे असे माणूस घरातच असते. ज्या घरातील पहिलीच पिढी दहावीपर्यंत पोहोचली आहे, तेथे मात्र तो प्रश्न वहीतच राहतो. पुढे त्याच मुलावर "गणितात कच्चा" असा शिक्का बसतो आणि ते मूल तो शिक्का आयुष्यभर खरा मानते.

प्रस्तुत लेखक गणिताचा प्राध्यापक नव्हे. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिकाचे काम करतो. काउंटरवर बसल्यावर एक गोष्ट नेहमी दिसते. चांगले शिकलेले लोकसुद्धा कर्जाच्या व्याजाचा आकडा स्वतः पडताळून न पाहता कागदावर सही करतात. आपल्या मुलामुलींना बँक, रेल्वे किंवा राज्य शासनाच्या सेवेत जायचे असले तरी प्रवेशपरीक्षेत अंकगणिताचा अडथळा असतोच. तेव्हा गणित हा काही मोजक्या हुशार मुलांचा छंद आहे असे समजून ते सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

मग प्रश्न विचारायचा कोणाला? शाळेतील शिक्षकांना, हे तर खरेच. परंतु शिक्षकालाही कधी शंका येते, त्यालाही नवे पुस्तक हवे असते, त्यालाही आपल्याच विषयाच्या माणसांशी बोलावेसे वाटते. ही गरज भागविण्यासाठी गणित शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन संस्था काढल्या. डॉक्टरांच्या, वकिलांच्या संस्था आपल्याला ठाऊक असतात. गणिताची अशी संस्था असते आणि ती सामान्य विद्यार्थ्याच्या उपयोगी पडू शकते, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आपल्या देशातील अशा सर्वांत जुन्या संस्थेची, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची, थोडी माहिती येथे देत आहे.

वर्गणीतून उभे राहिलेले ग्रंथालय

ही संस्था ४ एप्रिल १९०७ रोजी स्थापन झाली. स्थापनेत पुढाकार घेणारे व्ही. रामस्वामी अय्यर हे कोणत्याही विद्यापीठाचे कुलगुरू नव्हते. ते मद्रास इलाख्यात सरकारी नोकरीत, डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावर होते. गणिताची आवड होती, परंतु परदेशी नियतकालिके आणि ग्रंथ मिळत नव्हते, आणि एकट्याच्या पगारात ते मागविणे शक्य नव्हते. १९०६ च्या अखेरीस त्यांनी आपल्या परिचयाच्या गणितप्रेमी मंडळींना पत्र लिहिले. त्यातील विचार अगदी साधा होता. एकेकट्याला जे विकत घेता येत नाही ते सर्वांनी वर्गणी काढून घ्यावे आणि आळीपाळीने वाचावे. वीस सभासदांनिशी काम सुरू झाले. आरंभी नाव होते अ‍ॅनालिटिक क्लब, लवकरच ते इंडियन मॅथेमॅटिकल क्लब झाले आणि १९१० साली नवी घटना तयार झाल्यावर आजचे नाव मिळाले.

आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या काळी तेथे प्राचार्य होते. संस्थापक मद्रासकडचे, ग्रंथालय पुण्यात आणि सभासद देशभर पसरलेले. पोस्टखात्याच्या आधारावर पुस्तके व नियतकालिके सभासदांकडे जात व परत येत. पुढे १९५० च्या सुमारास हे ग्रंथालय मद्रासला हलविण्यात आले.

भिशी, पतपेढी, सहकारी सोसायटी यांचे महत्त्व आपल्यातील प्रत्येक सभासद जाणतो. गणिताच्या या संस्थेची सुरुवात त्याच रीतीने झाली. फरक इतकाच की येथे पैशाऐवजी पुस्तके फिरत होती.

प्रश्नांचे पान

१९०९ पासून संस्थेचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. त्यात विद्वानांचे लेख तर असतच. शिवाय प्रश्नांसाठी वेगळी पाने असत. कोणीही वाचकाने प्रश्न पाठवावा, तो क्रमांक देऊन छापला जाई आणि इतर वाचक उत्तरे पाठवीत. या पानांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे.

१९११ साली या पानांत मद्रास इलाख्यातील एका तरुणाचे प्रश्न येऊ लागले. तरुणाचे वय तेवीस, हाताला काम नाही, आणि कॉलेजची एफ.ए. परीक्षा तो गणितेतर विषयांमुळे नापास झालेला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. त्याच्या प्रश्न क्रमांक २८९ मध्ये एकात एक अडकलेली वर्गमुळे होती. १ अधिक २ गुणिले वर्गमूळ, त्या वर्गमुळाच्या पोटात १ अधिक ३ गुणिले वर्गमूळ, त्याच्या पोटात १ अधिक ४ गुणिले वर्गमूळ, असे अखंड चाललेले. आणि या सर्वांवर एक मोठे वर्गमूळ. याची किंमत किती? सहा महिने लोटले तरी कोणाचे उत्तर आले नाही. अखेर रामानुजन यांनीच ते दिले. उत्तर आहे ३.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला या उत्तराचे बीज समजू शकते. वही घेऊन पाहा. ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ. ९ म्हणजे १ + ८, म्हणजे १ + २ × ४. आता यातील ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ + ३ × ५. यातील ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ, आणि २५ म्हणजे १ + ४ × ६. असे कितीही पुढे जाता येते. प्रत्येक पायरीला एकच नियम लागतो: कोणत्याही संख्येचा वर्ग हा तिच्या अलीकडच्या व पलीकडच्या संख्यांच्या गुणाकारापेक्षा एकाने मोठा असतो. ही पायऱ्यांची रांग अनंतापर्यंत नेली तरी उत्तर ३ च राहते, हे काटेकोरपणे सिद्ध करण्यासाठी थोडे वरच्या वर्गाचे गणित लागते. पण मूळ कल्पना शाळेतल्या विस्तारसूत्रातलीच आहे.

त्याच वर्षी त्याच नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. विषय होता बर्नुली संख्यांचे गुणधर्म. तो छापण्यापूर्वी संपादक एम. टी. नारायण अय्यंगार यांना पुष्कळ परिश्रम पडले. रामानुजन यांची मांडणी इतकी त्रोटक असे की साधारण वाचकाला मधल्या पायऱ्या सापडत नसत. म्हणून हस्तलिखित पुन्हा पुन्हा लेखकाकडे परत गेले, दुरुस्त होऊन आले आणि मग छापले गेले. संपादकाला ते निरुपयोगी म्हणून टोपलीत टाकता आले असते. त्याने तसे केले नाही. उत्तर बरोबर असणे ही एक गोष्ट आणि ते दुसऱ्याला समजेल असे लिहिणे ही दुसरी गोष्ट. ही दुसरी गोष्ट रामानुजन यांना शिकवण्याचे काम संस्थेच्या नियतकालिकाने केले.

पुढचा इतिहास परिचित आहे. संस्थेतील मंडळींच्या ओळखीतून रामानुजन यांना आर. रामचंद्र राव या कलेक्टरांनी काही काळ दरमहा मदत दिली. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा तीस रुपयांवर कारकुनाची नोकरी मिळाली. तेथील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर हे याच गणित संस्थेचे खजिनदार होते. १९१३ च्या जानेवारीत रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले आणि १९१४ साली ते इंग्लंडला गेले. हार्डी यांनी त्यांना ओळखले असे आपण शाळेत शिकतो. परंतु हार्डींना पत्र लिहिणारा हा कारकून त्यापूर्वीच छापील लेखांचा लेखक झालेला होता. वर्गणीवर चालणाऱ्या एका लहानशा संस्थेने त्याला तेवढे उभे केले होते.

देवळालीचे गणित शिक्षक

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिकवले. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, संशोधनाला अनुदान नव्हते. संख्यांशी खेळणे एवढेच भांडवल होते.

त्यांचा एक शोध प्रत्येक विद्यार्थ्याने करून पाहावा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. उदाहरणार्थ, आपल्या सर्वांना पाठ असलेले साल १९५६ घेऊ. त्यातील अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ९६५१ होतात, चढत्या क्रमाने १५६९. वजाबाकी केली की ८०८२. पुन्हा तसेच करा: ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हाच प्रयोग करा: ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. कोणत्याही संख्येने सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण ६१७४ वर येतो आणि तेथेच थांबतो. जगभर ही संख्या आज कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते.

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. त्यांच्या कामाला काही विद्वानांनी किरकोळ करमणूक मानले. पण परिषदेचे व्यासपीठ त्यांना मिळाले आणि नियतकालिकांची पानेही मिळाली. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या शाळामास्तरांचे नाव जगभर गेले. व्यावसायिक संस्थेची परिषद म्हणजे केवळ भाषणे आणि जेवणावळी नव्हेत. खेड्यापाड्यातील शिक्षकाने वर्षानुवर्षे एकट्याने केलेले काम चार जाणकारांपुढे ठेवण्याची ती जागा असते.

शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी वेगळी पाने

संस्था वाढली तशी एक अडचण उभी राहिली. नियतकालिकातील संशोधन इतके वरच्या पातळीचे झाले की कॉलेजचा विद्यार्थी आणि सामान्य अध्यापक त्यातून बाहेर पडू लागला. यावर उपाय म्हणून १९३० च्या दशकात संस्थेने दुसरे नियतकालिक काढले. त्याचे नाव द मॅथेमॅटिक्स स्टुडंट, आणि पहिले संपादक ए. नरसिंह राव. संशोधन एका नियतकालिकात आणि समजावून सांगणारे लेख, अध्यापनाची चर्चा, प्रश्नोत्तरे दुसऱ्यात अशी वाटणी झाली. ही दोन्ही नियतकालिके आजही चालू आहेत. समाजात पुढे गेलेल्यांनी आपल्याच गतीने धावत राहावे की मागून येणाऱ्यांसाठी एक वेगळी पायरी बांधावी, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे येतो. या संस्थेने पायरी बांधली.

पुढे इतरही संस्था या कामात उतरल्या. १९६५ साली मद्रास येथे असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया ही शिक्षकांची संस्था स्थापन झाली. १९७६ साली प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केले. महाराष्ट्रात गणित अध्यापकांची मंडळे शालेय विद्यार्थ्यांसाठी गणित संबोध, गणित प्रावीण्य, गणित प्रज्ञा अशा परीक्षा घेतात. त्यांची माहिती शाळेतील गणिताच्या शिक्षकांकडे मिळते.

याहून वरची पायरी म्हणजे गणित ऑलिम्पियाड. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने १९८६ साली राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, १९८९ साली भारताचा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि १९९६ साली ती स्पर्धा मुंबईतच भरली. सध्या पहिल्या टप्प्याची चाचणी मॅथेमॅटिक्स टीचर्स असोसिएशन (इंडिया) ही शिक्षकांची संस्था घेते. त्यात तीन तासांत तीस प्रश्न असतात. पुढचे टप्पे व प्रशिक्षण शिबिर मुंबईच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारतीय संघातून सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी प्रा. पी. एल. भटनागर यांच्या स्मरणार्थ पारितोषिक देते. कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी १९९३ पासून उन्हाळी सुट्टीत गणित प्रशिक्षण व प्रज्ञाशोध शिबिरे भरतात. तेथे पाठांतराऐवजी प्रश्न विचारण्यावर भर असतो.

एक उणीव, आणि तिचे उत्तर

येथवरचे चित्र आशादायक असले तरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. रामानुजन गरीब होते यात शंका नाही. परंतु ते ज्या समाजातून आले त्या समाजात कलेक्टर होते, प्राध्यापक होते, पोर्ट ट्रस्टचे वरिष्ठ होते. एकाने दुसऱ्याकडे चिठ्ठी दिली आणि दार उघडले. ज्याच्या ओळखीचे कलेक्टर नाहीत, ज्याचे वडील नाक्यावर मजुरी करतात, त्या मुलाच्या हाती चिठ्ठी कोण देणार? गणिताचे नियम जातपात पाहत नाहीत हे खरे. पण गणितापर्यंत जाणारा रस्ता मात्र ओळखीपाळखीतून, भाषेतून आणि घरच्या परिस्थितीतून जातो.

या बाबतीत होमी भाभा केंद्राने १९८० च्या दशकात केलेले काम आपण ध्यानात ठेवले पाहिजे. मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी एक उपक्रम चालवला. मुलांना शाळेच्या अभ्यासाबरोबर नियमित जादा मार्गदर्शन दिले, प्रश्न विचारायला लावले. मुलांच्या बुद्धीत उणीव नसून पुस्तकाची भाषा हीच मोठी अडचण आहे, असे त्यांना आढळले. भाषेची गाठ सुटली, शंका विचारण्याची भीड गेली, तशी मुलांची प्रगती झाली. "आमच्या मुलांना गणित जमत नाही" असे म्हणणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी हा अनुभव विसरू नये.

यावरून एवढे ध्यानात येते की मोठ्या संस्था स्पर्धा भरवतील, पुस्तके काढतील, शिबिरे घेतील. परंतु त्यांच्या दारापर्यंत मुलाला नेण्याचे काम वस्तीतल्या संस्थेलाच करावे लागेल. ती चिठ्ठी आपण लिहिली पाहिजे.

आपण काय करू शकतो

त्यासाठी फार पैसा लागत नाही. सभासदांनी पुढील गोष्टींचा विचार करावा.

पहिली गोष्ट, प्रश्नफलक. अभ्यासिकेच्या भिंतीवर एक फळा लावावा. अडलेले उदाहरण कोणत्याही विद्यार्थ्याने त्यावर लिहावे, नाव लिहिण्याची सक्ती नको. ज्याला उत्तर येईल त्याने खाली पायऱ्यांसह लिहावे. नुसते उत्तर चालणार नाही. आठवडाभरात न सुटलेला प्रश्न रविवारी येणाऱ्या शिक्षकांपुढे ठेवावा. १९११ सालच्या त्या प्रश्नांच्या पानाचेच हे वस्तीतले रूप होय.

दुसरी गोष्ट, माणसे. आपल्या सभासदांत शिक्षक आहेत, अभियंते आहेत, विमा, बँक, टपाल आणि रेल्वे खात्यांतील कर्मचारी आहेत. प्रत्येकाने महिन्यातून दोन तास दिले तरी वर्षभर अभ्यासिका रिकामी राहणार नाही. व्याज, हप्ता, शेकडेवारी हे विषय तर आम्ही कर्मचारी मंडळी रोजच्या कामातील कागद समोर ठेवून शिकवू शकतो.

तिसरी गोष्ट, तारखा. गणिताच्या परीक्षांचे आणि ऑलिम्पियाडचे अर्ज कधी भरायचे हे न कळल्यामुळेच अनेक मुले मागे राहतात. एका सभासदाने ही जबाबदारी घ्यावी, शाळांत चौकशी करावी आणि तारखा फलकावर लावाव्यात. ज्यांना शुल्क भरणे अवघड जाते त्यांचे शुल्क शिक्षणनिधीतून द्यावे.

चौथी गोष्ट, सत्कार. दरवर्षी आपण दहावी-बारावीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांचा सत्कार करतो आणि तो करावाच. त्याच वेळी वर्षभरात फलकावर सर्वांत चांगला प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यालाही एक पुस्तक द्यावे. चांगला प्रश्न विचारणे हीसुद्धा गुणवत्ता आहे, हे मुलांना त्यातून कळेल.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगायचे आहे की अडलेले उदाहरण लपवू नका. ज्या प्रश्नाचे उत्तर सहा महिने देशातील कोणत्याही वाचकाकडून आले नाही, तो प्रश्न परीक्षेत नापास झालेल्या मुलाने विचारला होता. कापरेकरांनी शाळेत शिकवता शिकवता वजाबाकीच्या साध्या खेळातून जगाला एक संख्या दिली. आज संध्याकाळी वही उघडा, स्वतःच्या जन्मसालाचे चार अंक घ्या आणि ६१७४ पर्यंत किती पायऱ्यांत पोहोचता ते मोजा. मग असे का होते, हा प्रश्न फळ्यावर लिहा. फळा अजून लागलेला नसेल, तर कार्यकारिणीकडे तो मागा.